लीलाधरभाऊंचा मिशीवाला फ्लोर

सौंसरच्या बसस्टँडजवळ मी ऑनलाइन फॉर्म भरायचं अन् झेरॉक्सचं दुकान उघडलं, त्या दिवशी सगळ्यांना पेढे वाटून राहिली होती. बाजूच्या गाळ्यातून एक माणूस आला. चपला बाहेर काढल्या, पेढ्याकडे पाहिलं पण नाही, डोळे मिटले अन् या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत अनवाणी चालत गेला. मला वाटलं कोणी देवाधर्माचा माणूस आहे, दुकानाला आशीर्वाद देऊन राहिला. मंग त्यानं खिशातून काचेची गोटी काढली अन् खाली ठेवली. गोटी जरा थांबली, जशी विचार करून राहिली, अन् निघाली. टेबलाखालून गेली, पायरीवरून उडी मारली अन् सरळ नालीत.

"पाह्यलं?" तो म्हणाला. "फ्लोरचा उतार बाहेर आहे. कस्टमर आत येईन अन् असाच बाहेर जाईन."

उद्घाटनाच्या दिवशी! माझी आई तर उठलीच होती त्याला दोन शब्द सुनवायला. तेवढ्यात त्याच्या बायकोनं, बेबीवहिनीनं, बाजूच्या गाळ्यातून आवाज दिला, "अहो, लोकायच्या घरी पेढे खायले जावं, फ्लोर खायले नाही!"

हे लीलाधरभाऊ. माणसाच्या तोंडाकडे नंतर बघायचे, पहिले पायाखाली. मी तीन वर्षं त्यांच्या बाजूला दुकान चालवलं, अन् मला खात्री आहे, आजही त्यांना माझ्या चेहऱ्यापेक्षा माझी चप्पल जास्त आठवत असेल.

त्यांचं दुकान व्हिनाइल फ्लोरिंगचं. आता सौंसरमध्ये व्हिनाइलचं दुकान म्हणजे काय ते तुम्ही समजून घ्या. इथे माणूस संत्र्यावर बोलेल, कापसावर बोलेल, घर बांधलं तर टाइल्सवर बोलेल. व्हिनाइल म्हटलं की विचारेल, "ते चटईवानी राह्यते ते?" चटई हा शब्द ऐकला की लीलाधरभाऊंच्या कपाळावरची शीर उठायची. कोणी रेग्झिन म्हणायचं, कोणी ताडपत्री. एक बाई तर पावसाळ्यात कडबा झाकायला मीटरवर मागायला आली होती.

मंग ते समजावून सांगायचे. सँपलचे तुकडे एका लाइनीत जमिनीवर मांडायचे अन् येणाऱ्याला चपला काढायला लावायचे. "हातानं नको पाहू. हात खोटं बोलते. पायानं पाह्य." अन् माणूस सँपलवर उभा राहिला की यांचं भाषण सुरू.

"हे रबर. रबर म्हणजे पहिलवान, याले जिममध्ये ठेवा. हे कॉर्क, झाडाच्या सालीचं. हा लाडातला जावई, पाणी लागलं का फुगते. हे लिनोलियम, हा आपल्या गावचा पोट्टा, जवसाच्या तेलापासून बनते. अन् हे व्हिनाइल. हे म्हणजे सून. पाणी सांडा, तेल सांडा, वरून पलंग ठेवा, सगळं सहन करते. फक्त पहिले दोन दिवस तिले घरात रुळू द्या."

बेबीवहिनी मागून म्हणायच्या, "दोन दिवस? मले वीस वर्षं झाले, अजून रुळून राहिली मी."

जवसाचं सांगितलं की शेतकरी लोक लिनोलियमचा तुकडा उचलून हमखास वास घ्यायचे. एका म्हाताऱ्यानं वास घेतला, मान हलवली, अन् जिभेची शेंडी पण लावून पाहिली. "जवसच आहे," तो म्हणाला, "पण तेल जुनं आहे बाप्पा." तुकडा खाली ठेवला अन् निघून गेला. लीलाधरभाऊ किती तरी दिवस खुश होते. म्हणे असा कस्टमर नशिबानं भेटते.

रुळू द्यायची गोष्ट ते मजाकमध्ये नव्हते सांगत हं. रोल कस्टमरच्या घरी नेला की ते त्याच दिवशी कधीच टाकायचे नाहीत. ज्या खोलीत टाकायचा तिथेच रोल आडवा ठेवायचा, दोन दिवस. गोडाऊनमधून आलेला माल, सौंसरचा उन्हाळा, त्याला त्या खोलीची हवा लागू द्या, आकार धरू द्या, नाही तर टाकल्यावर ताणते, मंग कडा उचलते. बरोबर आहे ते. पण कस्टमरला सांगायची पद्धत बघा! बसस्टँडमागच्या ब्युटी पार्लरवालीला म्हणाले, "ताई, तो झोपला आहे, त्याले उठवू नका." ती बिचारी खुर्च्या बाहेर काढून बसली होती, गिऱ्हाइकं अंगणात. दोन दिवस ती सकाळ-संध्याकाळ दुकानासमोरून जाताना ओरडायची, "उठले का तुमचे साहेब?" अन् हे आतून, तोंडावर जराही हसू नाही, "अजून कूस बदलून राहिले."

अन् भिंतीजवळ फट ठेवायचे, बोटाएवढी. उन्हाळ्यात फ्लोर फुगला तर जागा पाहिजे म्हणून. वरून पट्टी लागते, दिसत पण नाही. पण पट्टी लागायच्या आधी कस्टमरनं पाहिलं की झगडा ठरलेला. "कापताना चुकले का भाऊ?" मंग हे चिडून त्या माणसाला भिंतीला पाठ टेकवून उभं करायचे, त्याच्या छातीवर हात ठेवायचे, म्हणायचे, "आता जोरात श्वास घे." तो घ्यायचा. "नाही घेता येत ना पुरा? मंग!"

आता तुम्हाला वाटेल हा माणूस लय हुशार. नाही हो. लोधीखेड्याला एका टेलरच्या दुकानात यांनी घाईत फ्लोर टाकला. सिमेंट ओलं आहे का ते पाहायला जमिनीवर प्लास्टिकची पन्नी चारी बाजूनं चिकटवून एक दिवस ठेवतात, खाली घाम आला तर थांबायचं. दुसऱ्यांना हे ते घसा फाडून सांगायचे. पण त्या दिवशी गावात लग्नाची पंगत होती अन् यांना बुंदी पाहिजे होती. पन्नी नाही लावली. महिन्याभरात टेलरच्या मशीनखाली फ्लोर असा फुगला की पाय ठेवला की फुस्स करायचा. टेलर म्हणे मी शिलाई करून राहिलो का पुऱ्या तळून राहिलो.

तेव्हापासून त्यांचे मोठे भाऊ, पुरुषोत्तमदादा, त्यांना पुरीवाला म्हणायचे. अन् इथूनच खरी गोष्ट सुरू होते.

पुरुषोत्तमदादांचं पांढुर्ण्याला टाइल्सचं मोठं दुकान. जिल्हा झाल्यापासून तिथे घरं अशी उभी राहून राहिली की दादाला जेवायला फुरसत नाही. दोघा भावांचं तसं भांडण नव्हतं, पण दादाच्या मते लहाना भाऊ प्लास्टिक विकून घराण्याचं नाव घालवून राहिला होता, अन् लहान्याच्या मते दादा लोकांचे गुडघे फोडून राहिला होता. त्यात एकदा सौंसरला कोणाच्या तरी मयतीनंतर भेटायला गेले लीलाधरभाऊ. सगळे खाली मान घालून बसले. यांचं बोट आपोआप टाइलवर. टक टक. टक टक. ज्याचे वडील गेले तो पोरगा डोळे पुसत म्हणाला, "काय झालं भाऊ?"

"काही नाही. खालून पोकळ आहे. सिमेंटचा मसाला पुरा नाही भरला."

बेबीवहिनीनं असा चिमटा काढला की ते जागेवरून उडले. पण तो पोरगा म्हणाला, "कोणती?" मंग कोणी म्हणे ही पोकळ, कोणी म्हणे ती, दहा मिनिटांत आलेले सगळे बाप्ये सतरंजी बाजूला करून हॉलभर टकटक करून राहिले होते. आत बायांना वाटलं भिंतीतून कोणी बोलून राहिलं.

टाइल दादाच्या दुकानातली होती. बातमी त्याच दिवशी पांढुर्ण्याला पोचली.

तर आता बाबूजी. म्हणजे या दोघांचे वडील. ते दादाकडे राहायचे पांढुर्ण्याला, दुकानाच्या मागेच घर. अन् माझ्या मामाचं घर त्याच गल्लीत, म्हणून मला हे सगळं माहीत, अर्धं डोळ्यानं पाहिलेलं अन् अर्धं मामीनं सांगितलेलं. दादाचं घर म्हणजे शोरूमच. गिऱ्हाईक आलं की दादा त्याला दुकानातून थेट घरात न्यायचा, "हे पाहा, आम्ही स्वतः हेच वापरतो." टाइल अशी की खाली पाहून भांग पाडावा. बाबूजी त्यावरून दोनदा घसरले. हाड नाही मोडलं, नशीब. पण हिंमत मोडली. ओट्यावर रोज त्यांच्या दोस्तांचा पत्त्यांचा डाव बसायचा, तिथे जाणं बंद. भिंतीला हात लावून पलंगापासून खोलीच्या दरवाजापर्यंत यायचे, पुढची चमकणारी जमीन पाहायचे अन् मागे फिरायचे. दोस्त खिडकीतून हाका मारायचे, "काय बे पाटील, येतं का?" हे म्हणायचे, "आज नाही, पाय दुखून राहिला." दादाच्या बायकोनं पोतं टाकून पाहिलं, तर पोतं पण घसरायचं, बाबूजीला घेऊन. हाडाचे डॉक्टर बोलले, असेच बसून राहिले तर पाय धरतील, मंग उठणंच नाही.

लीलाधरभाऊ गेले अन् म्हणाले, "दादा, बाबूजीच्या खोलीपासून ओट्यापर्यंत व्हिनाइल टाकतो. नरम राह्यते, पाय पकडते. पैसे नको."

"माह्या घरात? टाइलवाल्याच्या घरात प्लास्टिक? गिऱ्हाइकाले काय सांगू, बापासाठी भरवसा नाही म्हणून झाकली?"

दोघं जोरात बोलून राहिले. शेवटी आतून बाबूजी ओरडले, "ओटा राहू द्या. खोलीपुरतं टाक लीला. पण कापूस निघाल्यावर."

हां, कापूस. बाबूजीच्या खोलीत कापूस भरला होता. सगळ्यात कोरडी खोली तीच. अर्धी खोली, छातीला लागेल एवढा पांढरा ढीग, अन् त्याच्या बाजूला बाबूजीचा पलंग. शेत त्यांच्या नावावर, कापूस त्यांचा, विकायचा कधी ते पण त्यांनीच ठरवायचं. अन् बाबूजी भाव वाढल्याशिवाय कापूस हलवायचे नाहीत, हे सगळ्या पांढुर्ण्याला माहीत. दादानं लगेच मोठ्या मनानं सांगून टाकलं, "बरं, कापूस निघाला का टाक तुझी चटई." त्याला माहीत होतं, कापूस काही निघत नाही.

त्या दिवसापासून लीलाधरभाऊ रोज सकाळी माझ्या दुकानात. "ताई, कापसाचा भाव काढ बरं." माझ्या कॉम्प्युटरसमोर उभे राहून, चष्मा कपाळावर, स्क्रीनला नाक लावून. जरासा वाढला की टाळी. जरासा उतरला की गोटी काढून हातात फिरवत बसायचे. बाजारात लोक बोलायला लागले, लीलाधरनं गपचूप वावर घेतलं. कपाशीचं बियाणं विकणाऱ्या दुकानदारानं तर त्यांना कंपनीचं कॅलेंडर आणून दिलं.

ते रोज फोन करायचे, "बाबूजी, आज बरा आहे, काढता का?"

"अजून चढते. थांब."

भाव उतरला की, "बाबूजी, उतरून राहिला, काढून टाका!"

"उतरल्यावर कोणी विकते का बे? चढू दे."

मी म्हटलं, "भाऊ, मतलब चढला तरी नाही अन् उतरला तरी नाही?"

ते म्हणाले, "तू पहिली आहे जिले समजलं. दादाले जन्मात नाही समजलं." मंग हसलेच नाहीत ते. गोटी खिशात टाकली, म्हणाले, "ताई, ते कापूस नाही धरून बसले. बाहेर निघायले भेऊन राहिले. जोपर्यंत कापूस आहे तोपर्यंत म्हणता येते, कापूस राखून राहिलो." एवढंच बोलले अन् उठून गेले. त्या दिवशी पहिल्यांदा ते खाली न बघता गेले, तर माझ्या पायरीला ठेचकाळले.

दुसऱ्या हप्त्यात त्यांनी तोड काढली. खोली अर्धी-अर्धी करायची. कापूस एकही बोंड बाहेर नाही जाणार, फक्त या बाजूनं त्या बाजूला. पहिले अर्धा फ्लोर टाकायचा, तो दोन दिवस वाळू द्यायचा, मंग कापूस त्याच्यावर सरकवायचा अन् उरलेली बाजू करायची. बाबूजीला कारणच नाही उरलं. ते म्हणाले, "बरं. पण मी इथंच बसीन, पाहीन."

मी त्या हप्त्यात मामाकडेच होती, अन् भाऊ म्हणाले होते, ये, व्हिडिओ काढ, दुकानासाठी. मी गेली तर काय सीन! बाबूजी कापसाच्या ढिगावर चढून बसलेले, कमरेपर्यंत रुतलेले, डोक्यावर टोपी, हातात काठी, जसे ढगावर बसले. अन् खाली लीलाधरभाऊ गुडघ्यावर, टाइलच्या फटी भरून सपाट करून राहिलेले. दारात दादा हात बांधून. "जित्ती टाइल पुरून राहिला तू," दादा म्हणाला.

"तिच्या फटी नाही भरल्या तं वरून रेघा दिसतीन, म्हणून भरून राहिलो."

"माह्या टाइलले फटी?"

"चूप बसा रे!" वरून बाबूजी. "लीला, त्या कोपऱ्यात कापूस पडला, उचल."

पहिली बाजू छान झाली. सागवानी रंगाचा फ्लोर, एकदम टाइट. दोन दिवसांनी कापूस तिच्यावर आला अन् दुसरी बाजू सुरू झाली. दातेरी पट्टीनं गोंद पसरवला, अन् मधल्या जोडावर, जिथं दोन्ही तुकडे भेटतात, तिथं जरा जास्तच लावला, कारण बाबूजीचं चालणं तिथूनच. मला म्हणाले, "आता काढ व्हिडिओ, ही खरी कारागिरी." मी मोबाइल धरला. दाराशी दादा नाकाला रुमाल लावून उभा. गोंदाचा वास भरला होता. अन् दादानं, मला आजही वाटते चांगल्या मनानं, बाबूजीला त्रास होईल म्हणून, पंख्याचं बटण दाबलं.

फुल स्पीड.

अर्धी खोली उडाली हो! कापूस जसा बर्फ. मला काही दिसेना, नाकात कापूस, तोंडात कापूस. लीलाधरभाऊ ओरडून राहिले, "पंखा बंद! पंखा!" दादा घाबरून वेगळंच बटण दाबून राहिला, लाइट लागली, लाइट गेली. बाबूजी ढिगावरून काठी फिरवून कापूस खाली दाबून राहिले, जशा माश्या हाकलतात, "माहा कापूस! माहा कापूस!" शेवटी मीच बटण दाबलं.

सगळं खाली बसलं तेव्हा ओल्या गोंदावर पांढरी चादर पसरली होती. लीलाधरभाऊंनी जमेल तेवढा बोटांनी उचलला. पण गोंद थांबत नाही, एका वेळेनंतर तुकडा टाकावाच लागते. टाकला. जागोजाग दाबला, रोलर फिरवला. बाकी सगळीकडे खालचा कापूस खालीच राहिला, सपाट. पण जोडावर गोंद जास्त होता ना, तो दाबल्यावर वर आला, कापूस घेऊन. पलंगापासून दरवाजापर्यंत सरळ एक पांढरी, फुगलेली, केसाळ रेघ. सागवानी रंगावर उठून दिसणारी.

दादानं खाली वाकून पाहिलं. "लीला," तो म्हणाला, "फ्लोरले मिशी आली."

लीलाधरभाऊंनी रोलर भिंतीला टेकवून ठेवला. माझ्याकडे बघून म्हणाले, "व्हिडिओ डिलीट कर ताई." मी केला. (नाही केला, पण त्यांना दाखवला नाही.)

ते घरी आले अन् आजारी पडल्यासारखे झाले. दुकानात सँपल मांडायचे अन् उचलायचे. दुनियेतल्या सगळ्या फ्लोरमध्ये जो बिघडायला नको होता तोच बिघडला. बेबीवहिनी म्हणायच्या, "अहो, बुढ्यानं काही म्हटलं का?" हे म्हणायचे, "बाबूजी काय म्हणतीन, त्याईले दिसतेच कुठं बराबर." मोतीबिंदू होता बाबूजीला, दोन्ही डोळ्यांत. शेवटी यांनी ठरवलं, जोड कापून काढायचा, मधात नवीन पट्टी टाकायची, उष्णतेनं जोडून अशी की नखाला पण समजणार नाही.

त्याच सुमारास माझी बैतूलला नोकरी लागली, दुकान बहिणीला देऊन मी जाऊन राहिली होती. जायच्या आधी मामाकडे निरोप घ्यायला गेली तर बसमध्ये हेच भेटले. मांडीवर नवीन पट्टीची गुंडाळी, लहान लेकराला धरतात तशी. "ये तू पण," म्हणाले. "पण व्हिडिओ नको."

आम्ही दुकानाच्या बाजूनं आत गेलो तेव्हा कापूस अजून तसाच होता, खोलीच्या एका बाजूला. बाबूजी पलंगावर बसलेले. लीलाधरभाऊ दरवाजाजवळ गुडघ्यावर बसले, कटर उघडला, पांढऱ्या रेघेवर बोट फिरवून कुठून कापायचं ते पाहायला लागले. दादा पण आला मागून, पण या वेळी काही टोमणा नाही.

बाहेर ओट्यावरून कोणीतरी हाक मारली, "पाटील, डाव मांडला आहे."

बाबूजी उठले. भिंतीकडे हात गेला नाही. मान खाली घातली, डोळे बारीक केले, अन् डावा पाय त्या केसाळ रेघेवर ठेवला, मंग उजवा. एकामागे एक, रेघ धरून, जसं पोट्टं वावराच्या बांधावरून चालते. दादाचा हात आपोआप पुढे गेला होता, पण धरायला नाही, नुसता हवेत. अन् तेव्हा मला दिसलं, दरवाजाच्या बाहेर, त्या चमकणाऱ्या टाइलवरून थेट ओट्यापर्यंत, कोणीतरी व्हिनाइलचा लांब तुकडा टाकला होता. अन् त्याच्या मधोमध पांढऱ्या पेंटची रेघ ओढली होती, हातानं, जराशी वाकडी. मी दादाकडे पाहिलं. दादा भिंतीकडे पाहून राहिला.

बाबूजी चालत चालत दरवाजापर्यंत आले अन् थांबले, कारण रेघेवर लीलाधरभाऊ बसले होते, कटर हातात, तोंड उघडं.

"सरक ना बे लीला," बाबूजी म्हणाले. "रस्त्यात काहून बसला?"

लीलाधरभाऊ घाईत मागे सरकले, तोल गेला अन् धप्पकन कापसाच्या ढिगात बसले. कटर मिटला, कमरेपर्यंत रुतले, अन् तिथूनच मान वाकडी करून बघत राहिले, बाबूजी ओट्यावर पोचेपर्यंत.